पिल्लांची हगवण थांबेना, अर्जंट मदत हवी आहे

शिवारातला_गडी (उदगीर): डुकराची पिल्लं पातळ हगायलीत. काल दोन मेली, आज एक उठंना. मेडिकलमधून गोळी आणली, ताकात खलून पाजली, काही फरक नाही. औषधाचं नाव तेवढं सांगा, रात्र काढायची आहे.

वराहपालक_परभणी: वय किती? रंग कसा? गोळी कोणती?

गावरान_उपाय: डाळिंबाची साल उकळून पाजा. आमच्या वासरांना दोन दिवसांत गुण आला.

वराहपालक_परभणी: वासरू वेगळं, डुकराचं पिल्लू वेगळं. काढा नको, ताक नको. आईचं दूध तोडू नका.

गावरान_उपाय: आमच्या आज्यापासून चालत आलंय, तुम्ही एकदम नको म्हणता!

शिवारातला_गडी: भांडू नका हो. नऊ दिवसांची आहेत. पिवळं, दह्यासारखं चिकट हगतात, शेपटीखाली सगळं लडबडलंय. एकमेकावर ढीग करून पडतात. मादी चांगली खाते.

लातूरची_माय: ढीग करतात म्हणजे गारठलीत, दादा. कोपऱ्यात कोरडा भुसा टाका, वर बल्ब लावा. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचे सपाट भरा. सिरिंजनं तोंडाच्या कडेनं थोडंथोडं पाजा, घाई केली तर ठसका लागतो. तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन दिलं होतं का?

शिवारातला_गडी: नाही. कुणी सांगितलंच नाही.

नवा_उद्योजक: राष्ट्रीय पशुधन अभियानात वराहपालनाला ५० टक्के अनुदान आहे. अर्ज केलात का?

लातूरची_माय: भाऊ, इथं पिल्लं मरायलीत. अनुदानाचा धागा वेगळा काढा.

वराहपालक_परभणी: एकच सांगा, मागच्या वेतालाही असंच झालं होतं का?

शिवारातला_गडी: हो, दहाव्या दिवशी. त्याच खोलीत. तवा तीन गेली.

वराहपालक_परभणी: हे आधी सांगायचं होतं. तीच खोली, तेच वय, म्हणजे कॉक्सिडियाचा, आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीचा, संशय घ्या. त्यावर साध्या अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. पण ई. कोलाय हा जिवाणूही असू शकतो, म्हणून विष्ठा तपासूनच औषध ठरवू द्या. १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन करा, उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. लोहाचंही डॉक्टरांनाच विचारा. कॉक्सिडिया निघाला तर पुढच्या वेताला तिसऱ्या ते पाचव्या दिवशी टोल्ट्राझुरिल हे त्यावरचं औषध पाजायचं डॉक्टरांशी बोला. खोली कशानं धुता?

शिवारातला_गडी: फिनाईलनं, रोज.

वराहपालक_परभणी: कॉक्सिडियाची अंडी फिनाईलला दाद देत नाहीत. खोली रिकामी झाली की शेण खरवडून उकळतं पाणी ओता, मग जमीन खडखडीत वाळू द्या. रोज धुऊन ओल राहते, तीच त्यांना मानवते.

शिवारातला_गडी: बल्ब लावला. उठत नव्हतं त्यानं दोन सिरिंज पाणी घेतलं, कान जरा गरम लागायलेत. सकाळी दवाखान्यात निघतो. विष्ठा पिशवीत नेली तर चालते का?

लातूरची_माय: झाकणाची स्वच्छ डबी घ्या. ताजीच घ्या, भुसा लागू देऊ नका, उन्हात ठेवू नका. दोन-तीन पिल्लांची वेगवेगळी घ्या.