मुरगाव बंदरातून क्रूझवर जाताना गाडी कुठे ठेवावी आणि आदल्या रात्री मुक्काम कुठे करावा?

डिचोलीकर:
नमस्कार. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही मुरगाव बंदरातून सुटणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझवर जाणार आहोत. माझे वयस्क आईवडील, आम्ही दोघे, आमची दोन मुले आणि कोल्हापूरहून येणारे मेहुणे, त्यांची पत्नी व मुलगा असे एकूण नऊजण आहोत. मेहुणे आंबोली घाटाने स्वतःची गाडी घेऊन येतील आणि आमची गाडी वेगळी असेल. बोर्डिंगची वेळ दुपारची असली, तरी डिचोलीहून हार्बरपर्यंतचे साठ-पासष्ट किलोमीटर त्याच दिवशी कापून वडिलांना लगेच रांगेत उभे करणे योग्य वाटत नाही, म्हणून आदली रात्र बंदराजवळ काढण्याचा विचार आहे.

माझी अडचण मुख्यतः गाड्यांची आहे. बंदरात प्रवाशांच्या गाड्या चार दिवस ठेवून घेतात का, नसल्यास जवळपास भरवशाची जागा कोणती, आणि मुक्काम बंदरालगतच्या वास्को शहरात करावा की अन्यत्र? आमच्या एजंटने “पार्किंगचे तिथे होऊन जाईल” एवढेच सांगितले आहे, आणि “होऊन जाईल” या शब्दावर दोन गाड्या मागे टाकून समुद्रात जाण्याची माझी तयारी नाही. मेहुण्यांनी दोनापावल येथे खोल्या पाहून ठेवल्या आहेत, कारण नकाशावर ते बंदराच्या अगदी समोर दिसते.

सडेकर:
प्रथम दोनापावलच्या खोल्या घेऊ नयेत, हे मेहुण्यांना आजच कळवावे. तिथे उभे राहिल्यावर हार्बरातली जहाजे डोळ्यांना दिसतात हे खरे, परंतु मध्ये जुवारी नदीचे मुख आहे आणि रस्त्याने यायचे झाल्यास आधी उलट पणजीच्या दिशेने जाऊन कुठ्ठाळीचा पूल ओलांडावा लागतो, म्हणजे तीस-पस्तीस किलोमीटरचा फेरा पडतो. नवा पूल झाल्यापासून, म्हणजे 2022 च्या अखेरीस पहिली बाजू आणि 2023 च्या अखेरीस दुसरी बाजू खुली झाल्यापासून, कुठ्ठाळीला पूर्वीसारखे तासन्‌तास अडकून पडावे लागत नाही, तरीही ज्या दिवशी जहाज गाठायचे आहे त्या दिवशी मध्ये नदी कशाला ठेवायची?

मी बंदराजवळच्या सडा भागात राहतो, त्यामुळे हार्बरचे प्रवेशद्वार रोजच्या वाटेवरचे आहे. बंदर हे संरक्षित क्षेत्र असून तिथे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा पहारा असतो. खाजगी गाडी मनाला येईल तशी आत नेता येत नाही, आणि चार दिवस ठेवण्याचा तर प्रश्नच उद्भवत नाही. प्रवाशांना प्रवेशद्वारापाशी किंवा टर्मिनलजवळ, त्या दिवशी जिथे सोडू देतील तिथे, उतरवायचे आणि गाडीने लगेच माघारी फिरायचे, असेच गृहीत धरून चाला. बाहेर रस्त्याच्या कडेला लावावी असे कोणी सुचवल्यास ऐकू नका, कारण त्या वाटेने अवजड ट्रक चालतात.

दाबोळी विमानतळाचे सशुल्क वाहनतळ आहे, पण तेथील आकारणी काही तासांसाठी येणाऱ्या लोकांच्या हिशोबाने ठरलेली असते आणि ते हार्बरपासून आठ-दहा किलोमीटर दूर आहे. चार रात्रींचे दोन गाड्यांचे भाडे आणि वर दोन्ही वेळची टॅक्सी, हा व्यवहार मला पटत नाही. मेहुण्यांनी विमानतळ म्हणून नकाशात मोपाच्या दुसऱ्या विमानतळाकडे बोट दाखवले, तर ते पेडणे तालुक्यात, अगदी दुसऱ्या टोकाला आहे, हेही सांगून ठेवा.

आता एक गोष्ट फक्त इथे राहणाऱ्यांनाच ठाऊक असते. मुरगाव बंदरात कोळसा उतरतो आणि वारा आमच्या दिशेने असला की उघड्यावर ठेवलेल्या गाडीवर एका रात्रीत काळी पूड बसते. चार रात्रींनंतर परत आल्यावर काच दिसेनाशी झाली म्हणून तुम्ही घाईने कोरडा वायपर फिरवलात, तर ती पूड काचेवर घासली जाऊन बारीक चरे पडतात. आधी बाटलीभर पाणी ओतावे. खिडकीची फट तर मुळीच ठेवू नये, नाहीतर आतल्या सीटही त्याच रंगाच्या होतात. म्हणून वास्कोत गाडी ठेवायचीच असेल, तर छप्पर असलेली जागा मागा.

अंत्रुजकर:
सडेकरांचे सर्व म्हणणे मान्य करूनही मला मूळ प्रश्नच थोडा वेगळा वाटतो. डिचोलीत स्वतःचे अंगण आणि शेजारपाजार असताना गाड्या वास्कोला न्यायच्याच कशाला? मेहुण्यांनी एक दिवस आधी तुमच्या घरी यावे, त्यांची गाडी तुमच्या गाडीमागे लावावी आणि नऊजणांसाठी सामानाच्या जागेसह एक टेंपो ट्रॅव्हलर सांगावा. तो तुम्हाला संध्याकाळी वास्कोतल्या हॉटेलवर सोडेल. दोन गाड्यांचे पेट्रोल, पार्किंग आणि हॉटेलपासून हार्बरपर्यंत पुन्हा लागणाऱ्या दोन टॅक्सी यांची बेरीज एकदा मांडून पाहा. फरक फार राहत नाही, आणि चार दिवस मनाला घोर लागत नाही तो वेगळाच.

तिकिटावर चढण्याचे आणि उतरण्याचे बंदर एकच आहे ना, हे मात्र पुन्हा वाचा. मुंबईहून सुटणाऱ्या देशांतर्गत सफरींमध्ये मुरगाव अनेकदा केवळ मधला थांबा असतो. त्यामुळे मुरगावला चढून मुंबईला उतरण्याची तिकिटेही विकली जातात, आणि तसे असल्यास वास्कोत ठेवलेली गाडी आणायला कोकण रेल्वेने परत यावे लागेल. मुंबईच्या बाजूचा प्रवास असेल, तर बॅलार्ड पिअर आणि भाऊचा धक्का ही दोन निरनिराळी ठिकाणे आहेत, तेव्हा तिकिटावरील गेटचे नावच टॅक्सीवाल्याला सांगावे.

असाच घोटाळा आपल्याकडेही होतो. बाहेरून आलेल्या चालकाला नुसते “क्रूझला जायचे आहे” असे म्हटले, की तो सरळ पणजीला मांडवीच्या जेटीवर नेतो, जिथून संध्याकाळच्या नाचगाण्याच्या बोटी सुटतात. “मुरगाव हार्बर, वास्को” असे स्पष्ट सांगावे.

चिखलीची रिसेप्शनिस्ट:
मी या भागातील एका हॉटेलात काम करते, हॉटेलचे नाव सांगत नाही. आमच्याकडे जहाजाचे प्रवासी येतात, म्हणून आमच्या बाजूने काय घडते ते लिहिते.

“पार्किंग आहे” याचा अर्थ बहुतेक ठिकाणी “तुम्ही खोलीत आहात तोपर्यंत आहे” असा असतो. तुम्ही चेक-आउट करून गेल्यावर ती जागा पुढच्या पाहुण्याची होते, आणि डिसेंबरात तर प्रत्येक जागेवर दोघांचा डोळा असतो. म्हणून आरक्षण करतानाच ईमेलवर किंवा व्हॉट्सअॅपवर गाडीचा क्रमांक, गाडी ठेवण्याच्या व नेण्याच्या तारखा आणि ठरलेले भाडे लिहून पाठवावे आणि व्यवस्थापकाचे उत्तर येईपर्यंत पैसे भरू नयेत. फोनवर हो म्हणणारा माणूस तुम्ही परत याल त्या दिवशी ड्युटीवर असेलच असे नाही.

दुसरा मुद्दा चावीचा. जागा अरुंद असली की वॉचमन चावी मागतो, कारण मागची गाडी काढायची झाल्यास तुमची हलवावी लागते. एका लॉजमध्ये पाहुण्यांची गाडी त्यांच्या पश्चात बाजारात फिरून आल्याचे मी स्वतः ऐकले आहे. चावी द्यावीच लागली, तर किलोमीटरच्या आकड्याचा आणि गाडीच्या चारही बाजूंचा फोटो वॉचमनच्या समोरच काढावा. त्यात अपमान काही नाही, उलट आम्हालाही ते सोयीचे पडते. डॅशकॅम बंद करून जावे, नाहीतर चौथ्या दिवशी बॅटरी उतरलेली असते.

मुक्कामासाठी ज्येष्ठांचा विचार करता मी वास्को शहरच सुचवेन. बोगमाळोला समुद्र सुंदर आहे, पण तिथले दर चढे आहेत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वास्कोतूनच जायचे आहे. लिफ्ट आहे का आणि ती वीज गेल्यावर जनरेटरवर चालते का, हे विचारल्याशिवाय वरच्या मजल्यावरची खोली घेऊ नका. आणखी एक गोष्ट, चेक-आउट सकाळी दहा-अकराला होते आणि तुमचे बोर्डिंग दुपारी आहे. मधल्या वेळासाठी एक खोली उशिरापर्यंत मागून घ्यावी, म्हणजे आजी-आजोबांना आडवे होता येईल. सगळ्या खोल्या अडवून ठेवण्याची गरज नाही, बाकीच्यांचे सामान लॉबीत राहते.

डिचोलीकर:
सर्वांचे मनापासून आभार. दोनापावल रद्द केले असून तिकीट पुन्हा वाचले. चढणे आणि उतरणे दोन्ही मुरगावलाच आहे. अंत्रुजकरांचा सल्ला आईला सर्वात आधी पटला, तेव्हा दोन्ही गाड्या आमच्या अंगणातच राहतील आणि वास्को शहरात लिफ्टची खात्री करून तीन खोल्या घेऊ. आता एकच शंका उरली आहे. परतीच्या सकाळी टेंपो ट्रॅव्हलर नेमका किती वाजता आणि कुठे बोलवावा? आणि मेहुण्यांच्या मुलाचे आधार कार्ड मोबाईलवर आहे, ते चालेल का?

सडेकर:
आधारच्या बाबतीत मोबाईलवर विसंबू नका. नऊही जणांची मूळ ओळखपत्रे एका पाकिटात घालून ते हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मोठ्या बॅगा चढतानाच वेगळ्या जातात आणि त्या थेट केबिनपाशी मिळतात. ग्रुपमध्ये ऐनवेळी पोर्तुगीज पासपोर्टवाले कोणी नातेवाईक सामील होणार असतील, तर त्यांनी पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड) दोन्ही घ्यावे आणि कंपनीला आधी विचारावे.

परतीचे म्हणाल, तर जहाज धक्क्याला लागण्याची वेळ आणि तुम्ही बाहेर पडण्याची वेळ यांत बरेच अंतर असते. लोकांना गटागटाने उतरवतात, बॅगा शोधाव्या लागतात, आणि आईवडिलांसाठी व्हीलचेअर मागितली असेल तर तिचीही वाट पाहावी लागते. चालकाला जहाज लागण्याच्या वेळेला हजर करून प्रतीक्षेचे भाडे देण्यापेक्षा त्याला सकाळी लवकर वास्को बाजारात येऊन भाजीपाव खायला सांगा, आणि तुमच्या बॅगा हातात आल्यावर फोन करा. तिथून हार्बरला यायला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. गेटसमोर त्याला उभे राहू देणार नाहीत, म्हणून जाताना ज्या ठिकाणी उतराल तीच जागा त्याला तेव्हाच दाखवून ठेवा. भाडे दोन्ही फेऱ्यांचे एकत्र ठरवा, पण अर्धे पैसे परतीच्या दिवशीच द्या.