थ्रिलर ४० ची सीडी मागवावी का? डेमो खरंच नवे हायत की जुनाच माल?

नांदेडचा_वॉकमन

राम राम मंडळी. मायकल जॅक्सनच्या थ्रिलरला चाळीस वर्षं झाली म्हणून २०२२ च्या नोव्हेंबरात जो दोन सीडीचा सेट निघाला तो घ्यावा का नको हे काही ठरंना गेलंय. माझ्याकडं २००१ ची स्पेशल एडिशन हाय, २००८ ची थ्रिलर २५ पण हाय (तिच्यातले एकॉन अन् विल.आय.ॲमचे रिमिक्स एकदा ऐकले, परत त्या ट्रॅकवर गेलोच नाही, ते जाऊ द्या). आता ह्या सेटमधे दुसरी सीडी सगळी डेमोची (गाणं पक्कं करायच्या आधीचं कच्चं रेकॉर्डिंग) अन् तेव्हा न आलेल्या गाण्यांची हाय म्हणायलेत. पण कंपन्यांचं तुम्हाला माहितीच हाय, दर पाच-दहा वर्षाला तोच माल नवं कव्हर घालून आणतेत. नांदेडात सीडी मिळायचा विषयच नाही, वजिराबादेत कॅसेट मिळायच्या तिथं आता मोबाइलचे कव्हर विकायलेत, म्हणजे बाहेरून मागवायची, वर ड्यूटी, वर पोस्टाचा खर्च.

तर किती गाणी खरंच नवी हायत? बिली जीनचा घरी केलेला डेमो ह्याच्यात हाय का? अन् भाच्यानं पुण्यात नवीन टर्नटेबल घेतलंय, तो म्हणायलाय मामा सीडी कामून घेतो, रेकॉर्ड घे, मी बी ऐकीन. रेकॉर्डवर डेमो येतेत का? जाणकारांनी सांगा.

गंजगोलाई

दादा दुसऱ्या सीडीवर दहा ट्रॅक हायत, त्यातले निम्मे आधी कुठं ना कुठं येऊन गेलेत. सनसेट ड्रायव्हर २००४ च्या अल्टिमेट कलेक्शनमधे होतं. कान्ट गेट आउटा द रेन तर १९८२ लाच द गर्ल इज माइनच्या सिंगलच्या मागच्या बाजूला आलतं. गॉट द हॉट्स जपानवाल्यांच्या थ्रिलर २५ वर होतं. कॅरोसेलचा तुकडा तुमच्या २००१ च्या सीडीवर सापडल, इथं अख्खं हाय. बिहाइंड द मास्क २०१० च्या मरणोत्तर अल्बममधे नटवून-सजवून घातलं होतं, इथं मायकलचा त्या वेळचा मिक्स. राहिली स्टारलाइट, हू डू यू नो, द टॉय, व्हॉट अ लव्हली वे टू गो अन् शीज ट्रबल. ही पाच अधिकृतपणे पहिल्यांदा. चोरून इंटरनेटवर फिरायलेली वेगळी, ती धरू नका.

बिली जीनचा डेमो ह्या सेटमधे नाही पण तुमच्या २००१ च्या सीडीवरच हाय की! १९८१ चा. शब्द धड तयार नाहीत, मधेच नुसतं हूं हां करत चाल धरून चाललाय, पण बीट अन् बेसची चाल जवळपास तीच. आज रात्री काढून ऐका.

नव्यातलं माझं आवडतं विचाराल तर स्टारलाइट, दुसरं कुठलंच नाही. ही थ्रिलर गाण्याचीच चाल, गाणं लिहिणाऱ्या रॉड टेम्परटननं आधी हेच शब्द लिहिले होते, ताऱ्यांच्या उजेडाचं गाणं, भूत नाही, लांडगा नाही, काहीच नाही. अल्बमचा निर्माता क्विन्सी जोन्स म्हणला शीर्षक बदल, अल्बमला नाव पाहिजे. मग रॉडनं शेकड्यानं नावं लिहून काढली, मिडनाइट मॅनवर जवळपास ठरत आलतं, अन् सकाळी उठून थ्रिलर सुचलं. मी स्टारलाइट लावलं तेव्हा आमच्या घरच्या पोरीला वाटलं कुणीतरी थ्रिलरची कॉपी मारलीय.

जालना_रोड

स्पष्ट बोलतो, राग नका मानू. डेमो म्हणजे भजन सुरू व्हायच्या आधी पेटीवर सूर धरतेत तेवढं. त्याला पैसे कशाला? तीसेक गाण्यांतून घासून-पुसून नऊ ठेवली, ती नऊ ऐका ना. द टॉय अन् व्हॉट अ लव्हली वे टू गो एकदा ऐकली, बरी हायत, पण ही मूळ अल्बममधून गेली म्हणून कुणाचं काय अडलं?

मिक्सर_संभाजीनगर

@जालना_रोड, गाणी टाकाऊ असतीलही, पण का टाकली ते ऐकण्यातच मजा हाय ना. मी लग्नात, गणपतीत साउंड लावतो, स्टुडिओतही थोडं काम केलंय म्हणून सांगतो. कॅरोसेल घ्या. मायकल सेम्बेलो अन् डॉन फ्रीमनचं गाणं, छान हाय, गोड हाय, जत्रेतल्या पोरीवर जीव जडतो असली गोष्ट. अल्बममधे जवळपास पक्कं होतं. अन् मग ह्युमन नेचर आलं. ते कसं आलं तर टोटो बँडच्या डेव्हिड पेचनं आपल्या गाण्यांची कॅसेट क्विन्सीला पाठवली, तिच्या दुसऱ्या बाजूला स्टीव्ह पोर्कारोची एक कच्ची चाल राहिलेली, अन् क्विन्सीच्या डेकला ऑटो-रिव्हर्स! पहिली बाजू संपली की दुसरी आपोआप सुरू. पेचची गाणी बाजूला राहिली अन् क्विन्सीचा जीव त्या दुसऱ्या बाजूवर अडकला. आता कॅरोसेल आणि ह्युमन नेचर लागोपाठ लावा, हेडफोन घालून. पहिलं गाणं कुणीही चांगल्या गायकानं म्हणलं असतं. दुसऱ्यात नुसती हवा खेळायलीय, रात्रीचं शहर, मायकलच्या आवाजाला जागा मिळालीय. मूळ अल्बम ऐकून हे कळत नाही, कारण तिथं तुलनाच नसते.

दुसरी गोष्ट जागेची. रेकॉर्डच्या एका बाजूला जितकी जास्त मिनिटं कोंबाल तितके खाचे बारीक होतात, बेस जातो, आवाज बसतो. थ्रिलर पूर्ण झाल्यावर ह्यांनी ऐकलं तर आवाजच उठंना, पोटात गोळा आला सगळ्यांच्या. मग परत बसून एकेक गाणं नव्यानं मिक्स केलं, कापाकापी केली, द लेडी इन माय लाइफचं एक कडवंच गेलं. बिली जीनचा सुरुवातीचा भाग क्विन्सीला लांब वाटत होता, मायकल म्हणला त्याच्यावरच तर माझे पाय हलतात, ते राहिलं. देवाची कृपा.

आता रेकॉर्डचं. भाच्याला सांगा, डेमोसाठी रेकॉर्ड घेऊ नको. डेमो दोन सीडीच्या सेटवर अन् स्ट्रीमिंगवर हायत. मोबाइल फिडेलिटी ह्या अमेरिकेच्या रेकॉर्ड कंपनीची जी महागडी रेकॉर्ड निघाली तिच्यावर मूळ नऊच गाणी. अन् तिचं तर वेगळंच रामायण झालं. त्यांनी वन-स्टेप पद्धतीच्या ४०,००० प्रती काढणार म्हणून जाहीर केलं. वन-स्टेपमधे लॅकरवरून (खाचे कोरलेली पहिली तबकडी) थेट साचा घेतात, मधल्या पायऱ्या नाहीत, म्हणून एका लॅकरमधून साधारण हजारभरच रेकॉर्ड निघतात. लोक म्हणले मग ४०,००० साठी मूळ टेप किती वेळा फिरवणार? थ्रिलरची टेप कोण एवढी झिजवू देईल? प्रश्नावर प्रश्न आले अन् २०२२ च्या जुलैत कंपनीच्याच माणसांनी मान्य केलं की मधे डिजिटल पायरी हाय, डीएसडी म्हणजे आवाज डिजिटल करून साठवायची एक पद्धत, अन् कितीतरी रेकॉर्डना ती २०११ पासून घालायलेत. ज्यांनी शुद्ध अॅनालॉग म्हणून पैसे मोजले ते खवळले, अमेरिकेत कोर्टात गेलं प्रकरण. ऐकायला ती रेकॉर्ड वाईट नाही, उलट लई साफ हाय. कानाला काही कळत नव्हतं तोवर सगळे खूशच होते हे पण तितकंच खरं!

अंबाजोगाईची_ताई

मिक्सर दादा, तुमचं पटतं, पण मला एक खटकतं. बिली जीनचे ९१ मिक्स करून शेवटी दुसऱ्या नंबरचाच घेतला असं थ्रिलरचे साउंड इंजिनिअर ब्रूस स्वीडीन सांगायचे. मायकलसारख्या इतक्या काटेकोर माणसाच्या अर्धवट वस्तू तो गेल्यावर बाजारात आणायच्या? तो २००९ ला गेला, त्याला कोण विचारणार? २०१० च्या त्या अल्बममधल्या तीन गाण्यांवर तर आवाज त्याचाच आहे का यावरून चाहते कोर्टात गेले आणि २०२२ च्या जुलैमध्ये ती तिन्ही स्ट्रीमिंगवरून काढली. मी गाणं शिकते, माझ्या रियाजाचं रेकॉर्डिंग कुणी असं लावलं तर मी बोलणंच टाकीन त्याच्याशी.

तरी थ्रिलर ४० बद्दल एवढं म्हणेन, २०१० पेक्षा हे बरंच प्रामाणिक काम आहे. बिहाइंड द मास्क दोन्हीकडचं ऐका. मूळ चाल यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा या जपानी बँडच्या रयुइची साकामोतोची, १९७९ ची, मायकलने तिच्यावर स्वतःचे शब्द चढवले, पण पैशाच्या वाटणीवरून अडलं म्हणून थ्रिलरमध्ये आलं नाही. २०१० ला त्याच्यावर नवीन वाद्यांचा असा थर चढवलाय की गुदमरल्यासारखं होतं. इथल्या मिक्समध्ये तो मोकळा गातोय. निदान मेलेल्या माणसाच्या हाताला हात लावला नाही.

जालना_रोड

ताई हे पटलं. अन् शीज ट्रबल तर १९८३ लाच म्युझिकल यूथ बँडवाल्या पोरांनी म्हणलं होतं, ते त्यांच्याच तोंडी शोभतं. आपला मायकल तिथं पाहुण्यासारखा वाटतो.

नांदेडचा_वॉकमन

सगळ्यांचे लई आभार. बिली जीनचा डेमो काढून ऐकला, अंगावर काटा आला राव. स्टारलाइट अन् कॅरोसेल फोनवर ऐकली, ह्युमन नेचरबद्दलचं मिक्सर दादाचं म्हणणं शंभर टक्के. ताईचं बी खरं हाय, पण मी तर त्याच्या बाजूनंच ऐकतो, टिंगल करायला नाही. सीडी घ्यायचं मन झालंय, पाच गाण्यांसाठी का होईना, हातात पुस्तिका पाहिजे मला. भाच्याला फक्त नाही म्हणून कळवलंय, रुसलाय.

गंजगोलाई

घ्या मग, पण मागवताना एक बघा. त्याच नावाखाली फक्त मूळ अल्बमची रेकॉर्ड वेगळ्या कव्हरमधे पण विकायलेत, फोटो बघून लोक फसायलेत. यादीत दोन सीडी लिहिलेलं पाहिजे अन् स्टारलाइटचं नाव दिसलं पाहिजे. अन् भाच्याला जुनी रेकॉर्ड बघायला सांगा, पुण्यात जुन्या बाजारात हिंडला तर ऐंशीच्या दशकातली एखादी मिळून जाईल, खरचटलेली असली तरी चालते, बीट इटच्या गिटारच्या तुकड्याजवळ उजेडात धरून तेवढी नीट बघून घ्यायची, लोकांनी सुई तिथंच परत परत ठेवलेली असती.