गणवेश असू दे, पण डागासाठी पोराला उन्हात उभं करायचं?

केळीबागवाला (चोपडा)
भाचा सातवीत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की बापाचा डबा घेऊन परस्पर मळ्यात जातो. त्या दिवशी केळीची गाडी भरायची होती, माणूस कमी, म्हणून यानंही घड उचलले, शाळेच्याच शर्टात. केळीचा चीक ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ओला असतो तोवर पाण्यासारखा दिसतो, वाळला की काळपट तपकिरी. मग साबण लावा नाहीतर ब्लीच, शर्ट फाटेल पण डाग हलणार नाही.

सोमवारी प्रार्थना झाल्यावर 'गणवेश अस्वच्छ' म्हणून पीटीच्या सरांनी पाच पोरांची रांग वेगळी काढली आणि दोन तास मैदानात उभं केलं. जूनमधलं आपलं ऊन, त्यात पाऊस नाही. घरी आल्यावर बहिणीनं विचारलं, "काय व्हयनं रे?" तर गप्प. मंगळवारी शाळेत जाईना, तेव्हा सगळं कळलं. गणवेशाला माझा विरोध नाही. पण कपडे घेतो बाप, धुते आई, आणि शिक्षा पोराला?

निवृत्त हेडमास्तर (धुळे)
उन्हात उभं करणं चूकच. पण मळ्यात जाताना शर्ट बदलायला दोन मिनिटं लागतात, हेही बोला.

गणवेश कशासाठी असतो ते आमच्या शाळेतल्या अनुभवावरून सांगतो. आम्ही वाढदिवसाला रंगीत कपडे घालायची मुभा दिली होती. पोरं खूश, पालक खूश. वर्षभरानं हजेरीपट चाळताना लक्षात आलं की काही पोरं नेमकी वाढदिवसालाच गैरहजर. नवा ड्रेस नव्हता हो त्यांच्याकडे. मुभा त्याच दिवशी बंद केली. नियम ढिला केला की आधी गरिबाचं पोर उघडं पडतं.

शिरपूरची आई
सर, गरिबाची एवढी काळजी आहे तर चौकडीचं ते ठरावीक कापड एकाच दुकानात का मिळतं? अमुक दुकानातूनच घ्या अशी सक्ती करता येत नाही म्हणतात. आमच्याकडे सक्ती कोणी करत नाही, फक्त दुसरीकडे ते कापडच नसतं!

झेडपी मास्तर (अक्कलकुवा)
आमची तऱ्हा आणखी वेगळी. २०२४-२५ मध्ये सरकारनं राज्यभर एकच गणवेश काढला. कापड वरून येणार, शिलाई बचत गटांकडे. शाळा सुरू होऊन गेली तरी गणवेशाचा पत्ता नाही, आणि आला तेव्हा कुणाची बाही कोपरावर, कुणाची चड्डी पोटरीवर. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलं. त्या वर्षी गणवेशाविना आलेल्या पोरांपैकी नियम कोणी मोडला होता?

आणि पैसे किती, तर दोन जोडांना ६०० रुपये. तीनशेत कापड आणि शिलाई बसवून दाखवा.

मार्च २०२४ मध्ये आम्हा शिक्षकांसाठीही नियम निघाला: जीन्स, टी-शर्ट नको, शर्ट इन करा. स्टाफरूममध्ये काय ओरड झाली होती! पण मैदानात कोणालाच उभं केलं नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही मनाई आहे. पाचशे पोरांसमोर वेगळी रांग काढणं त्यातच येतं.

निवृत्त हेडमास्तर (धुळे)
कलम मलाही पाठ आहे. पालकाला फोन लावावा तर उचलत नाहीत. कापूस वेचणीत तर गावात माणूस सापडत नाही. मारायचं नाही, रागवायचं नाही, घरी पाठवायचं नाही. मग मास्तरानं करायचं तरी काय?

अमळनेरकर
आमच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० साने गुरुजी शिक्षक होते. छात्रालयातल्या पोरांचे मळके कपडे ते स्वतः धुऊन ठेवायचे, असं आजोबा सांगायचे.

निवृत्त हेडमास्तर (धुळे)
गुरुजींना दंडवत. पण माझ्या एका वर्गात ६८ पोरं होती, आणि आमच्या भागात नळ आठवड्यातून एकदा. कोणाकोणाचे धुवू?

शिरपूरची आई
धुऊ नका हो. नुसतं बाजूला बोलावून विचारा. त्याला पाणी लागत नाही.

केळीबागवाला (चोपडा)
आज मेहुण्याला घेऊन शाळेत जाऊन आलो. सर तसे वाईट माणूस नाहीत, चहा पाजला. म्हणाले, "डाग चिकाचा आहे हे पोरानं सांगायचं ना." घरी येऊन भाच्याला विचारलं. म्हणे, "सरांनी विचारलंच नाही. शर्टाकडे बघितलं आणि रांग दाखवली."

निवृत्त हेडमास्तर (धुळे)
विचारायला हवं होतं, मान्य. पण शनिवारी डब्याच्या पिशवीत एक जुना सदरा ठेवत जा.