घाटात रेंज पडते, पण उतारावर परतही मिळते

‘घाटात बॅटरी झपाट्याने संपते आणि वीजही कोळशाचीच, मग फायदा काय?’ या इलेक्ट्रिक गाडीबद्दलच्या (ईव्ही) मुद्द्यांवर थोडं.

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासला जाताना बॅटरीचे टक्के भराभर उतरतात, हे खरंच. पण येताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटरच जनित्र होते, गाडी आपोआप आवरते आणि आकडा थोडा वर सरकतो. चढाला गेलेलं सगळं परत येत नाही, तरी बराच भाग येतो. म्हणून रेंज, म्हणजे एका चार्जवर गाडी जाते ते अंतर, जाऊन-येऊन मोजा. सातारा-पुणे साधारण ११० किलोमीटर. खंबाटकी घाट धरूनही आजच्या बहुतेक चारचाकींना ते जड नाही. खरी अडचण पार्किंगमध्ये प्लग नसलेल्यांची आहे, तिथे सोसायट्यांनी हलायलाच हवं.

देशातली बहुतांश वीज कोळशाची, मान्य. पण एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि तो गाडी भंगारात जाईपर्यंत तसाच निघत राहणार. ईव्हीचं तसं नाही. चाळकेवाडीला आहेत तशा पवनचक्क्या आणि सौरऊर्जा वाढेल तशी तीच गाडी स्वच्छ होत जाते. शिवाय साताऱ्यातल्या पोवई नाक्याच्या गर्दीत लहान मुलांच्या नाकात जाणारा धूर आजच थांबतो. टायरची धूळ मात्र हिचीही उडतेच, त्यामुळे राजवाड्यापर्यंत भाजीला जायचं तर पायीच जा.