एस्टीम गरम झाली की मिसफायर, थंड झाली की हाफ सेल्फ, अख्खा रेस वीकेंड पाण्यात... डोकं लावा कुणीतरी

सांगलीचा_गिअर

नमस्कार मंडळी, कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवेवर क्लब इव्हेंट होता तिथनं काल रात्री परत आलोय, गाडी अजून ट्रेलरवरच आहे कारण तिचं तोंड बघायची इच्छा नाही. गाडी जुनी मारुती एस्टीम, १.३ एमपीएफआय (म्हणजे फ्युएल इंजेक्शनवाली), डिस्ट्रिब्युटरवाली (प्लगांना पाळीपाळीनं स्पार्क वाटणारा भाग). रोल केज (आतला लोखंडी पिंजरा) आहे, आतलं सगळं काढलंय, इंजिन जवळजवळ स्टॉक. जायच्या आधी गॅरेजला इंजिन उतरवून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, मागचं ऑइल सील सगळं नवीन टाकलं, आणि इंजिन उतरलंच आहे तर म्हणून इंजिन बे (बॉनेटखालची जागा) पण रंगवून घेतली.

शुक्रवारी स्क्रूटिनीला (गाडीची तपासणी) ब्रेक लाइट लागेना, स्विच गेलेला, तो बदलला, ठीक आहे. शनिवारी प्रॅक्टिसला सुरुवातीचे लॅप एक नंबर आणि मग पाच हजार आरपीएमच्या वर फटफट, म्हणजे मिसफायर, सुरू, आणि पुढच्या लॅपला तर सरळ रस्त्यावरच जीव सोडला. दोरी लावून पिटमध्ये आणली, बॉनेट उघडून सगळे गोळा झाले, अर्ध्या तासानं किल्ली फिरवली तर हाफ सेल्फला चालू, जसं काही झालंच नाही. मग रात्री प्लग, प्लग वायरी, कॅप, रोटर, पेट्रोल फिल्टर सगळं बदललं. तरी रविवारी क्वालिफाइंगला तेच. शेजारच्या तमिळ टीमनं त्यांचा स्पेअर फ्युएल पंप काढून दिला (देवमाणसं, स्वतःची रेस तासावर होती) तो पण टाकला. रेसला ग्रिडवर बराच वेळ उभं केलं आणि फॉर्मेशन लॅप (रेसच्या आधीचा हळू लॅप) धरून दुसऱ्याच लॅपला बंद!! एंट्री फी, ट्रेलरचं भाडं, टायर, सगळं हिशोबात धरलं तर घरात सांगायची सोय नाही.

अजून दोन गोष्टी. टेंपरेचरचा काटा मधेच उडी मारतो, पण इन्फ्रारेड गननं थर्मोस्टॅटचं हाउसिंग बघितलं तर ८८-९० डिग्री, म्हणजे नॉर्मल. आणि ब्रेक पेडल लांब जातं, दोनदा पंप केलं की येतं. क्लच नवीन असून जड लागतो हे वेगळंच. कुठनं सुरुवात करू?

टाकी_फुल

फ्युएल सर्ज वाटतोय. स्टॉक टाकीत बॅफल (पेट्रोल हिंदकळू न देणारे आतले पडदे) नसल्यात जमा, त्यामुळे अर्ध्याच्या खाली पेट्रोल गेलं की लांब वळणात सगळं एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. फोम टाक नाहीतर छोटा सर्ज टँक (पंपाला कायम पेट्रोल देणारी वेगळी छोटी टाकी) लाव.

सांगलीचा_गिअर

@टाकी_फुल मलाही आधी तेच वाटलेलं, पण क्वालिफाइंगला टाकी जवळपास फुल होती आणि बंद पडते ती वळणात नाही, सरळात.

ट्रॅकवेडा_ठाणे

मग कॉइल नाहीतर इग्नायटर (स्पार्क तयार करणारे भाग). गरम झाल्यावर मरणार आणि थंड झाल्यावर जिवंत होणार हे इलेक्ट्रॉनिक्सचं ठरलेलं लक्षण आहे. डिस्ट्रिब्युटरमधला सेन्सर पण असाच जातो. माझं म्हणणं सरळ आख्खा डिस्ट्रिब्युटर बदल, जुन्या बाजारात मिळेल.

मिस्त्री_काका

अरे थांबा, पार्ट बदलत बसू नका. आधीच त्यानं निम्मं दुकान बदललंय.

सांगलीकर, तुझीच पोस्ट परत वाच. प्रॅक्टिसला काही लॅप चालली आणि रेसला दुसऱ्या लॅपला गेली. फरक काय तर रेसच्या आधी ग्रिडवर उभी होती. उभ्या गाडीत काय चालू होतं? रेडिएटरचा फॅन. काटा उडी मारतो पण पाणी नॉर्मल. क्लच जड. आणि इंजिन उतरवून बे रंगवलेली. मला तर हे अर्थिंगचं प्रकरण दिसतंय.

बॉडीची अर्थ केबल (करंटचा बॅटरीकडे परतीचा रस्ता) जिथं बोल्टला बसते तिथं रंग असला की कॉन्टॅक्ट अर्धवट होतो. फॅन बंद असताना निभावतं. फॅन लागला की इतका करंट त्या खराब जॉइंटमधून जातो की बॉडी आणि इंजिन यांच्यातच व्होल्टेजचा फरक पडतो. फ्युएल पंपाची अर्थ बॉडीला, म्हणजे पंपाला व्होल्टेज कमी, प्रेशर कमी, वरच्या आरपीएमला पेट्रोल पुरत नाही. काट्याचं पण तसंच, सेन्सरची अर्थ इंजिनला आणि मीटरची बॉडीला. आणि करंटला सरळ रस्ता मिळाला नाही तर तो क्लच केबल, अ‍ॅक्सिलरेटर केबल यांच्यातनं जातो, आतलं अस्तर वितळतं आणि केबल जड होते. म्हणून विचारतोय, क्लच पेडल पहिल्या दिवसापासनं जड होतं का हळूहळू झालं?

मल्टिमीटर घे. इंजिन चालू, फॅन चालू, हेडलाइट चालू. एक प्रोब इंजिनच्या ब्लॉकला, दुसरी बॉडीच्या उघड्या लोखंडाला. ०.२ व्होल्टच्या वर दाखवलं तर समज चोर सापडला. मग पंपाच्या टर्मिनलवर पण बघ, बॅटरीपेक्षा अर्धा व्होल्ट कमी चालेल, दोन-तीन नाही चालणार.

घाटातला_डोसा

काका 🙏🙏

ब्रेकचं वेगळं बोलतो. ब्रेक ऑइल कुठल्या ग्रेडचं आहे? डॉट ३ चा उकळबिंदू कोरडं असताना २०५ डिग्री, पण त्यानं हवेतलं पाणी ओढलं की १४०. डॉट ४ चं २३० आणि १५५. डॉट ५.१ चं २६० आणि १८०. (नुसतं डॉट ५ घेऊ नको, ते सिलिकॉन आहे, यात मिसळत नाही.) ट्रॅकवर कॅलिपर चांगलेच तापतात, ऑइल उकळलं की बुडबुडे, पेडल स्पंजसारखं. पण तू म्हणतोस दोनदा पंप केलं की येतं, तर व्हील बेअरिंग पण बघ. बेअरिंगला प्ले (ढिलेपणा) असला की डिस्क हलते आणि पॅड मागे ढकलते, त्यामुळे सरळ रस्त्यानंतरचा पहिला ब्रेक लांब जातो आणि दुसरा नॉर्मल. चाक जॅकवर घेऊन वर-खाली हलवून बघ.

सांगलीचा_गिअर

काका तुमचे पाय कुठं आहेत!!! आत्ता ट्रेलरवरच मीटर लावला. फॅन आणि लाइट चालू करून ब्लॉक ते बॉडी १.८ व्होल्ट. बॅटरीवर १३.६ आणि पंपावर साडेदहाच्या आसपास, आणि हा तर त्या टीमचा चांगला पंप. केबलचा बोल्ट काढला तर खाली चकचकीत नवीन रंग, लोखंड दिसतच नाही. घासलं, स्टार वॉशर टाकला, परत बघितलं तर ०.०५. फॅन चालू ठेवून बराच वेळ जागेवरच इंजिन रेस केलं, एक फटका नाही. क्लच जायच्या दिवशी हलका होता, रविवारी दगड. केबल उद्या काढतो.

गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणतो रंगाचं काम आमच्याकडचं नव्हतं, रंगवाला म्हणतो बोल्ट आम्ही लावला नाही.

@घाटातला_डोसा ऑइल डॉट ३ च आहे, जुनं. चाक अजून बघितलं नाही.

ट्रॅकवेडा_ठाणे

मी डिस्ट्रिब्युटर बदल म्हणालो ते विसरा 😅

मिस्त्री_काका

केबल काढशील तेव्हा अ‍ॅक्सिलरेटरची पण बघ, ती ट्रॅकवर अडकली तर क्लचपेक्षा वाईट. दुसरी एक अर्थ पट्टी इंजिनवरनं थेट बॉडीला टाकून ठेव. आणि तुझा जुना पंप बहुतेक ठणठणीत असेल, तो परत बसव आणि त्या तमिळ पोरांचा पंप कुरिअर करून टाक, त्यांची पण पुढची रेस असेल.