ऑनलाइन लेखनवर्गात बोलणं कमी करा, खर्डे वाचणं वाढवा

पायथ्याचा मास्तर (मूळ धागा)

लेखनाचा पेपर ऑनलाइन शिकवायचा असेल तर तासभर गूगल मीटवर बोलणं बंद करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मी अमरावती जिल्ह्याच्या ग्रामीण भागात बीएच्या मुलांना लेखनकौशल्य शिकवतो. मीटवर नावं दिसतात, पण सोयाबीन काढणीच्या दिवसांत अर्धी पोरं वावरात असतात आणि बाकीच्यांचं नेटवर्क टिकत नाही. याला हजेरी म्हणता येईल, शिकणं नाही. अहवालाची वैशिष्ट्यं पाठ करून अहवाल लिहिता येत नाही. लिहायचं, कुणीतरी वाचायचं, मग पुन्हा लिहायचं, तेव्हा कुठे तो जमतो.

म्हणून दर आठवड्याला एक छोटं लेखन द्या आणि गुण पहिल्या खर्ड्याला न देता दुसऱ्याला द्या. पहिल्यावर दोनच गोष्टी बोला, त्याही दोन मिनिटांच्या व्हॉइस नोटमध्ये. नेटवर्क असेल तेव्हा ती उतरवून घेता येते आणि नंतर कधीही ऐकता येते. शुद्धलेखनासाठी अमेरिकेतले लेखनाचे प्राध्यापक रिचर्ड हॅसवेल यांनी १९८३ मध्ये मांडलेली रीत मला पटते. चुकीच्या ओळीसमोर समासात नुसती खूण करायची, चूक सांगायची नाही. त्यांच्या विद्यार्थ्यांनी निम्म्याहून जास्त चुका स्वतःच शोधून सुधारल्या होत्या.

विषय मात्र खरा हवा. मी माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला देतो. महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमदुरुस्तीप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा लागतो. ‘आमच्या रस्त्याचं काम का रखडलं?’ असं विचारून हाती काही लागत नाही. कामाचं नाव, मंजूर रक्कम, कार्यारंभ आदेशाची तारीख, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मोजणी जिच्यात नोंदवतात तिची) प्रत, असं मागावं लागतं. नेमकं लिहिणं म्हणजे काय, हे मुलांना या एका अर्जातून कळतं. माझ्या दहा व्याख्यानांतून ते कळणार नाही.

तासिकावाली, यवतमाळ

सर, पद्धत चांगली आहे, पण ती राबवणार कोण? मी तासिका तत्त्वावर शिकवते. मला पैसे घेतलेल्या तासाचे मिळतात, वाचलेल्या खर्ड्याचे नाही. वर्गात ८० मुलं, प्रत्येकाचे दोन खर्डे, एकाला पाच मिनिटं धरली तरी तेरा तासांच्या वर जातं. तेही दर आठवड्याला आणि एकाच वर्गासाठी! आमच्या भागातली कित्येक महाविद्यालयं तासिकावाल्यांच्याच भरवशावर चालतात. तुम्ही सांगता ते कायम नोकरीतल्या माणसाला परवडणारं आहे. आम्ही मीटवर तास घेतो तो आळस म्हणून नाही. देयकात तेवढंच मांडता येतं म्हणून घेतो.

झाडीपट्टीकर

माझा विरोध वेगळा आहे. आमच्याकडे गडचिरोलीत एटापल्ली-भामरागडची मुलं घरी माडिया बोलतात. मराठी ही त्यांची शाळेत शिकलेली भाषा. समासातली खूण पाहून चूक त्यालाच सापडते, ज्याच्या कानात ती भाषा आधीपासून आहे. आमच्या पोरीला ‘या ओळीत काहीतरी चुकलं’ एवढंच सांगितलं तर ती अख्खी ओळच खोडते. तिला आधी बोलू द्यावं लागतं. चांगला नमुना समोर ठेवून वाक्यावाक्यानं उलगडावा लागतो, आणि ते थेट बोलण्याच्या तासातच होतं, तो तास ऑनलाइन का असेना. बोलणं बंद केलं तर सगळ्यात आधी हीच मुलं गळतील. शहरातल्या कॉलेजात चाललेली रीत जशीच्या तशी इथं आणू नका.

आर्णीचा पोट्टा

मी यंदाच बीए झालो. मॅडमनं व्हॉइस नोट पाठवली का मी ती दोन-तीनदा ऐको. पहिल्यांदाच वाटलं का माह्यं लिहिलेलं कोणीतरी पुरं वाचलं. मीटच्या तासाचं मले काहीच आठवत नाही. आन् एक सांगतो, आता पोट्टे एआयकडून लिहून आणतात. निबंध कोणताही विचारा, भेटते. पण आपल्या गावच्या रस्त्याची माहिती त्याले कुठं आहे?

पायथ्याचा मास्तर

झाडीपट्टीकर, तुमचं म्हणणं मान्य. ज्यांची घरची भाषा वेगळी, त्यांच्यासाठी लिहिण्याआधीचा बोलण्याचा तास हवाच, आणि खुणेऐवजी एक दुरुस्त केलेलं वाक्य द्यावं. पण त्या तासात मुलांनी बोलावं, आपण नाही. यावर मी ठाम आहे.

मॅडम, चार-चार मुलांचे गट करा. पहिला खर्डा त्यांनी एकमेकांचा वाचायचा, तुम्ही दर आठवड्याला गटातल्या एकाचे दोन्ही खर्डे पाहायचे. पाळीपाळीने महिन्यात सगळे होतात. ४० खर्डे म्हणजे साडेतीन तासांच्या आत.

तासिकावाली, यवतमाळ

सर, गटात सोडलं की ‘छान लिहिलंस’ यापलीकडे मुलं जात नाहीत. कुठलं वाक्य कळलं नाही आणि पुढे काय वाचायला आवडलं असतं, हे दोन प्रश्न ठरवून द्यावे लागतात आणि त्यांचा सराव सत्राच्या सुरुवातीला करून घ्यावा लागतो. ते मी करीन. पण ते साडेतीन तासही फुकटचेच आहेत. विद्यापीठानं खर्डे तपासण्याचा वेळ कार्यभारात धरावा, ही मागणी तुमच्यासारख्या कायम प्राध्यापकांनी अभ्यासमंडळात, म्हणजे विद्यापीठाच्या अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीत, लेखी मांडली पाहिजे. आमच्या सहीला तिथं जागा नाही. तुम्ही मांडणार असाल तर मसुदा मी लिहून देते.