मदत हवी आहे: गुडघेदुखी असलेल्या बाबांना कॉर्फ कॅसल (डॉर्सेट, इंग्लंड) कसा दाखवावा?

नमस्कार मंडळी,

आई-बाबा जूनमध्ये आमच्याकडे इंग्लंडला येत आहेत. लंडनची ठरलेली ठिकाणं होतीलच, पण बाबांनी फोनवर एकच फर्माईश केली आहे: "तिकडचा एखादा गड दाखव. सजवलेला राजवाडा नको, लढलेला गड हवा." बाबांचं अर्धं आयुष्य सह्याद्रीत गेलंय. आता गुडघे साथ देत नाहीत. सपाटीवर ते छान चालतात, चढही थांबत थांबत चढतात, पण उतरताना, त्यातही पायऱ्या आल्या की फार त्रास होतो. काठी वापरा म्हटलं तर ऐकत नाहीत.

बरंच वाचून मी कॉर्फवर येऊन थांबले आहे. डॉर्सेटमधल्या पर्बेक भागातलं हे लहानसं गाव. किल्ल्याचं आणि गावाचं नाव एकच, कॉर्फ कॅसल. डोंगररांगेत एक खिंड आहे, त्या खिंडीत सुटा उभा राहिलेला टेकाड आणि त्यावर किल्ला. १०६६ नंतर विल्यम द कॉन्कररने तो बांधायला घेतला, दगडी बालेकिल्ला त्याच्या मुलाच्या, पहिल्या हेन्रीच्या काळातला. त्याच्याही आधी, ९७८ साली, एडवर्ड नावाच्या कोवळ्या वयाच्या राजाचा इथेच खून झाला. गावातलं चर्च त्याच्याच नावाचं आहे.

पण बाबांना ज्यासाठी न्यायचं आहे ती गोष्ट १६४०च्या दशकातली आहे. राजा आणि पार्लमेंट यांच्या यादवीत हा किल्ला राजाच्या बाजूने होता आणि तो लढवला लेडी मेरी बँक्स या बाईने. नवरा राजाबरोबर दूर. १६४३च्या वेढ्यात मोजक्या शिबंदीनिशी आणि घरातल्या बायकांना घेऊन तिने वरून दगड आणि जळते निखारे टाकत हल्ला परतवला. १६४४ अखेरीस नवरा वारला, तरी ती मागे हटली नाही. शेवटी १६४६ साली किल्ला पडला तो फितुरीने. आतल्याच एका अधिकाऱ्याने कुमक आणतो म्हणून शत्रूचे लोक आत घेतले. मग पार्लमेंटने हुकूम काढून तटांखाली सुरुंग लावले आणि किल्ला उडवला.

हे फोनवर सांगितलं तेव्हा बाबा जरा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "१८१८ नंतर आपल्या किती गडांच्या पायऱ्या आणि वाटा इंग्रजांनी सुरुंगांनी फोडल्या. म्हणजे त्याआधी हे त्यांनी स्वतःच्या घरी केलं होतं." अलंगच्या तुटलेल्या पायऱ्यांपाशी त्यांनी मला लहानपणी उभं करून हे सगळं सांगितलं होतं. आता त्यांना तो सुरुंगाने फाटलेला तट हाताने चाचपून बघायचा आहे. ही इच्छा मला पुरी करायची आहे.

तर मदत अशी हवी आहे. पायथ्यापासून बालेकिल्ल्यापर्यंत चढ नेमका कसा आहे, मध्ये टप्पे आहेत का, आणि पूर्ण वर न जाता बाबांना समाधान होईल असं काही बघता येईल का? आई वर येणार नाही, तिला गावात दोन-तीन तास बरे जातील का? आणि गाडीने जावं की रेल्वेने? सोबत सात वर्षांचा मुलगा आहे.

प्रतिसाद १

बाबांना न घाबरता घेऊन जा. तुम्ही ज्यासाठी नेताय ती गोष्ट अर्ध्या वाटेवरच आहे.

गावाच्या चौकातून दगडी पूल ओलांडला की बाहेरचा दरवाजा. त्यापुढे बाहेरचं आवार, म्हणजे आपल्या भाषेत माचीच. सगळं गवताळ आणि चढतं. चढ सरळ अंगावर येत नाही, पण सतत आहे आणि जमीन खडबडीत आहे. हे आवार संपतं तिथे दुसरा दरवाजा लागतो, नैर्ऋत्य दरवाजा. तोच बघायचा. दोन बुरुजांच्या मधोमध तो उभा फाटलाय. डावीकडचा अख्खा बुरूज सुरुंगाने उतारावरून खाली सरकला आहे आणि तरी उभाच आहे. कमानीचे दोन भाग समोरासमोर बघितले की एक दुसऱ्यापेक्षा कितीतरी खाली गेलेला दिसतो. ४०० वर्षं होत आली, तो ढासळलेला नाही. मी तिथे हात लावून बराच वेळ उभा होतो. चुना आणि दगड असे एकजीव झालेत की फुटतानाही भिंत मोठमोठ्या ढेपांनी फुटली आहे. घरांएवढे तुकडे उतारावर पडलेत, चुन्यासकट.

त्याच्या वर बालेकिल्ल्यापर्यंतचा चढ जास्त उभा आहे, पायऱ्या आहेत, आणि पाऊस झाला असेल तर दगड निसरडे होतात. गुडघ्यांचा विचार करता बाबांनी दुसऱ्या दरवाजाशी थांबावं असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही आणि मुलगा वर जाऊन या. आणि बाबांना काठी घ्यायला लावाच. तिथल्या उतारावर तरणीताठी माणसंही काठी घेऊन चालतात, त्यामुळे त्यांना संकोच वाटणार नाही.

प्रतिसाद २

आईंची काळजी नको. गाव बघण्यासारखं आहे आणि चढ नाही. घरं सगळी करड्या पर्बेक दगडाची, छपरंसुद्धा त्याच दगडाच्या फरश्यांची. किल्ला पाडल्यावर तिथला दगड गावातल्या घरांना लागला, त्यामुळे किल्ल्याचा बराच भाग खालीच बघायला मिळतो. दगड घडवणाऱ्यांची इथली परंपरा जुनी आहे. पर्बेक मार्बल, म्हणजे इथला घासून चकाकी येणारा चुनखडक, इंग्लंडच्या मोठमोठ्या कॅथेड्रलांत गेलाय आणि पाथरवटांच्या संघाची वार्षिक सभा अजून याच गावात भरते.

चर्च जरूर बघा. वेढ्याच्या वेळी पार्लमेंटच्या सैनिकांनी तिथे तळ ठोकला होता आणि छपराचं शिसं वितळवून गोळ्या केल्या असं सांगतात.

चौकाजवळच मॉडेल व्हिलेज आहे. उडवण्याआधी किल्ला आणि गाव कसं होतं त्याची लहान प्रतिकृती. मुलाला आधी ती दाखवा आणि मग वर न्या. कोणता बुरूज कुठे होता हे त्याला आपोआप कळतं, नाहीतर वर नुसते दगड दिसतात. किल्ल्याच्या दाराशी नॅशनल ट्रस्टचं (किल्ला सांभाळणाऱ्या संस्थेचं) चहाघर आहे, तिथल्या बागेतून तट समोर दिसतो. आई तिथे निवांत बसतील. पदपथ मात्र अरुंद आहेत आणि मुख्य रस्ता गावातूनच जातो, मुलाचा हात सोडू नका.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. दुसरा दरवाजा अर्ध्यावर आहे हे कळल्यावर जीव भांड्यात पडला. बाबांना "वर येऊ नका" असं सांगायची वेळ आता येणार नाही, कारण बघायचं ते तिथेच आहे.

एक शंका राहिली. संपूर्ण किल्ला, खिंडीत उभा असलेला, लांबून एका नजरेत दिसेल अशी जागा गाडीने गाठता येईल का? शेजारच्या वेस्ट हिल या टेकडीवरून सुंदर दिसतो असं वाचलं, पण तोही चढच आहे. आणि तिथे वाफेच्या इंजिनाची रेल्वे आहे म्हणतात, तिच्याबद्दल कुणी सांगेल का?

प्रतिसाद ३

वेस्ट हिल सोडून द्या, बाबांसाठी किंग्स्टनला जा. कॉर्फच्या दक्षिणेला पुढच्या डोंगरधारेवर ते गाव आहे, रस्ता थेट वरपर्यंत जातो. तिथून दरी, गाव आणि खिंडीतला किल्ला असं सगळं एकत्र दिसतं. किल्ला तिथेच का बांधला ते एका नजरेत समजतं. पर्बेकमध्ये उतरायला रांगेतून हीच मुख्य वाट, आणि त्या वाटेवर हा बसलेला. बाबांना हे समजावून सांगावं लागणार नाही. मी तर म्हणेन किंग्स्टन आधी करा, किल्ला नंतर.

वाफेच्या गाडीसाठी नॉर्डनला गाडी लावा. गावाच्या जरा अलीकडे मोठं पार्किंग आहे आणि शेजारीच स्वॉनेज रेल्वेचं स्टेशन. हा फाटा १९७२ साली बंद पडला होता, स्वयंसेवकांनी रूळ परत टाकून तो जिवंत केला. नॉर्डनहून निघताना उजव्या बाजूच्या खिडक्या धरा. पुलावरून जाताना किल्ला अगदी डोक्यावर येतो. कॉर्फ हे पुढचंच स्टेशन, तिथून चौक जवळ आहे आणि चढ नाही. किल्ला झाल्यावर त्याच गाडीने स्वॉनेजला समुद्रावर जाता येईल, मुलगा खूश होईल. गाड्यांचं वेळापत्रक मोसमाप्रमाणे बदलतं, तेवढं आदल्या दिवशी तपासा. गाडी न्यायची नसेल तर लंडन वॉटर्लूहून वेमथच्या रेल्वेने वेअरहॅमला उतरा, तिथून ४० नंबरची बस कॉर्फला येते.

आणखी एक. किल्ला पडला तरी मेरी बँक्सला किल्ल्याच्या किल्ल्या स्वतःपाशी ठेवू दिल्या होत्या. त्या आजही किंग्स्टन लेसी नावाच्या, बँक्स घराण्याने नंतर बांधलेल्या वाड्यात आहेत. हे विंबोर्नजवळ आहे, वर सांगितलेलं किंग्स्टन वेगळं, नावात गल्लत करू नका. परतीच्या वाटेवर वेळ असेल तर बाबांना तेही दाखवा. मात्र एकाच दिवसात कोंबू नका, कॉर्फला सकाळपासून दुपारपर्यंतचा वेळ द्या.

धागाकर्ती

ठरलं मग. सकाळी किंग्स्टन, तिथून नॉर्डनला गाडी लावून वाफेच्या गाडीने कॉर्फ. चहाघराशी आई, दुसऱ्या दरवाजाशी बाबा, पुढे मी आणि लेक. किंग्स्टन लेसी दुसऱ्या दिवशी. जून महिन्यात दुपारी किल्ल्यावर सावली असते का, आणि दुसऱ्या दरवाजाजवळ बाबांना टेकायला बाक किंवा बसका दगड आहे का, एवढं कुणी सांगू शकेल का? नसेल तर घडीची खुर्ची सोबत घेईन.